मोगलांना पाणी पाजणारा, खडकीला पाणी देणारा

क्रांती चौकातून रेल्वे स्थानकाकडे निघाले की उस्मानपुरा लागतो. संत एकनाथ रंगमंदिर, जवळच शाहनूरमियाँचा दर्गा, दवाखाने, दुकाने आणि त्यांच्या मागे दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती, असा हा छत्रपती संभाजीनगरचा गजबजलेला भाग. या भागात काय, किंवा शहराच्या दुसऱ्या कोणत्याही भागात काय, घर भाड्याने घ्यायला आलेला माणूस भाडे विचारण्याच्या आधी एक गोष्ट विचारून घेतो. नळाला पाणी किती दिवसांआड येते? गेल्या कित्येक वर्षांत या शहराच्या घरोघरच्या दिनक्रमाची आखणी या एका प्रश्नाच्या उत्तरावर होत आली आहे. पाण्याचा दिवस असला की घरातील कोणी तरी कामाला उशिरा जाते. टाकी, पिंप, बादल्या, कळशा, जे जे भरून ठेवता येईल ते ते भरले जाते. ज्याची ऐपत आहे तो टँकर मागवतो, ज्याची नाही तो शेजाऱ्याचे तोंड पाहतो.

याच शहराच्या उत्तरेकडील जुन्या भागात जमिनीखालून चार शतकांपूर्वीची एक नहर गेली आहे. ना तिला पंप लागला, ना वीज. डोंगराच्या पोटातील पाणी केवळ उताराच्या बळावर तिने शहराच्या हौदांपर्यंत आणून सोडले. ही नहर बांधणारा माणूस या मातीत जन्मलेला नव्हता. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर म्हटले की आपल्याला आठवते ती लढाई. मोगलांना ज्याने पंचवीस वर्षे दक्षिणेत पाय रोवू दिले नाहीत, गनिमी काव्याचे तंत्र ज्याने मराठा स्वारांच्या साथीने पक्के केले, शहाजीराजांच्या उमेदीच्या काळात ज्याच्या नावाचा दबदबा होता, तो निजामशाहीचा पेशवा. शालेय पुस्तकांनी त्याची हीच ओळख आपल्याला करून दिली. पण त्याने जिंकलेले किल्ले पुढे गेले, त्याने वाचवलेले राज्य त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत बुडाले. उरली ती नहर. माणसाचे आरोग्य दवाखान्याच्या दारात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, पाण्याच्या घाटावर आणि धान्याच्या खळ्यावर ठरत असते, हे आज सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र सांगते. या दृष्टीने पाहिले तर अंबरच्या आयुष्याचा अर्थ थोडा वेगळा लागतो.

त्याचा जन्म १५४८च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर त्या काळी हबशी मुलामुलींचा मोठा व्यापार चाले. इथिओपियात भारताचे कापड जाई आणि त्या बदल्यात सोने, हस्तिदंत आणि माणसे बाहेर पडत. मोखा बंदराच्या बाजारात हा मुलगा ८० गिल्डरला विकला गेला, असे त्याला पुढे प्रत्यक्ष भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने नोंदवले आहे. हातोहात विकला जात तो बगदादला पोहोचला. तेथील मीर कासीम नावाच्या मालकाने त्याची बुद्धी पारखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले.

पुढे त्याला दक्षिणेत आणण्यात आले. १५७०च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान नावाचा पेशवा होता. तो स्वतः हबशी आणि एके काळी गुलाम होता. त्याने सुमारे हजार हबशी गुलाम विकत घेऊन आपल्या चाकरीत ठेवले होते, अंबर त्यांपैकी एक झाला. दख्खनच्या या व्यवस्थेत गुलामीची एक वेगळी तऱ्हा होती. गुलाम हा मालकाच्या घराण्याचा विश्वासू शिपाई असे, आणि मालक मेला की त्याची सुटका होऊन तो स्वतःच्या कर्तबगारीवर वर चढू शके. राज्य कसे चालते, वसुली कशी होते, दरबारातील गटबाजी कशी हाताळावी, याचे पाठ अंबरला पेशव्याच्या घरीच मिळाले. चंगीझखानाचा मृत्यू झाल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

मुक्त झालेल्या गुलामापाशी ना जमीन होती, ना गोत. त्याने लग्न केले, काही स्वार जमवले आणि चाकरी शोधत तो विजापूरच्या आदिलशाहीत गेला. मलिक ही उपाधी त्याला तेथेच मिळाली. १५९५मध्ये सुमारे दीडशे स्वारांनिशी तो निजामशाहीत परतला. तेव्हा मोगलांचे सैन्य अहमदनगरच्या वेशीवर आले होते. चांदबिबीने किल्ला लढवला, पण १६००मध्ये ती मारली गेली आणि अहमदनगर पडले. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला, तरी निजामशाही संपली नाही, कारण तिच्या मुलखातील गावे आणि डोंगर अजून मोगलांच्या हाती आले नव्हते. अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला मूर्तजा निजामशहा म्हणून परांड्यात गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार हाती घेतला. त्या क्षणापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे २६ वर्षे, राज्य नावाने निजामशहाचे आणि प्रत्यक्षात अंबरचे होते.

राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि जुन्नरहून १६१०मध्ये दौलताबादला आली. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेण्यात आला. दौलताबादपासून जवळच, खाम नदीच्या काठी, खडकी नावाचे लहानसे गाव होते. अंबरने तेथे नवे शहर वसवायला घेतले. आजच्या छत्रपती संभाजीनगरची ही सुरुवात. १६१२मध्ये बांधलेला भडकल दरवाजा, नौखंडा महाल आणि काळ्या दगडातील मशिदी या त्या काळाच्या खुणा आहेत.

जागा निवडताना सैन्याची सोय पाहिली गेली होती. दौलताबादचा किल्ला पाठीशी होता आणि घाटांच्या वाटा जवळ होत्या. अडचण होती ती पाण्याची. खाम ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. या भागाचा खडक बेसाल्टचा. पावसाळा संपला की वरचे पाणी आटते, आणि विहिरीला पाणी लागले तरी ते एका वस्तीपुरते. १६१०च्या सुमारास दक्षिणेची माहिती टिपून ठेवणाऱ्या विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने अंबरपाशी दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दक्षिणी शिपाई असल्याचे लिहिले आहे. आकडा थोडा फुगलेला मानला, तरी शिपायांच्या मागे त्यांची कुटुंबे, घोडे, बैल, बाजारबुणगे आणि कारागीर असणारच. एवढा जमाव एका आटत्या नदीच्या काठी बसला की पुढे काय होते, हे त्या काळच्या प्रत्येक सेनापतीला ठाऊक होते. ज्या पात्रात जनावरे धुवायची, ज्याच्या काठी शौचास बसायचे, त्याच पात्रातून प्यायचे पाणी भरायचे. छावण्या शत्रूच्या तलवारीइतक्याच हगवणीने आणि तापाने रिकाम्या होत. महंमद तुघलकाने १३२७मध्ये दिल्लीची माणसे दौलताबादेत आणून वसवण्याचा जो प्रयोग केला, त्याची फजितीही याच परिसराने पाहिली होती.

अंबरने यावर जो उपाय योजला तो नहर-ए-अंबरी या नावाने ओळखला जातो. जुन्या नोंदींनुसार हे काम १६१७च्या सुमारास, पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपये खर्चून पुरे झाले. दरबारातील जाणकारांनी ही कल्पना हसण्यावारी नेली होती, अशी आख्यायिका आहे.

नहरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या उत्तरेला हर्सूल-जटवाडा भागात डोंगररांगा आहेत. पावसाचे पाणी तेथील खडकाच्या भेगांमधून आणि मुरमातून झिरपत जमिनीखाली साठते. या झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळीखाली एक बोगदा खणून ते त्यात गोळा करायचे, आणि अगदी मंद उतार देत बांधीव नाल्यातून शहराकडे न्यायचे, हे या योजनेचे मूळ तत्त्व. इराणात याला कनात किंवा कारेझ म्हणतात, आणि बिदर-विजापुरातही ही विद्या पोहोचलेली होती. नाल्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरींसारखी तोंडे ठेवलेली असत. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढायला माणूस खाली उतरू शके. पुण्यातील कात्रजच्या नळाला अशा तोंडांना उसासे म्हणत. शहराजवळ पाणी मातीच्या आणि दगडी नळांमधून जाई आणि वाटेत चिरेबंदी मनोरे उभारलेले असत. नळातील दाबाने पाणी मनोऱ्यात वर चढे, अडकलेली हवा बाहेर पडे आणि पाणी पुन्हा पुढच्या नळात उतरे. अशा रीतीने ते भडकल दरवाज्याच्या परिसरात आणि तेथून मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील हौदांत पोहोचे.

अंबरला जंतूंची कल्पना नव्हती, कोणालाच नव्हती. लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचा आणि पटकीच्या साथीचा संबंध जॉन स्नो यांनी दाखवला तो १८५४मध्ये, आणि कोलकात्यात रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो त्यानंतर तीस वर्षांनी. तरीही नहरीने आरोग्याच्या दृष्टीने जे साधले ते आजच्या अभियंत्यालाही मान्य होईल असे आहे. पाणी वस्तीच्या वरच्या अंगाला, माणसांचा आणि जनावरांचा वावर नसलेल्या ठिकाणी घेतलेले. ते जमिनीतून गाळून आलेले. सारी वाट झाकलेली, त्यामुळे ना ऊन, ना शेवाळ, ना वरून पडणारी घाण. आणि पाणी अखंड वाहते असल्याने साठवण्याची गरज कमी. प्यायचे पाणी आणि सांडपाणी यांची गाठ पडू नये, हा सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा या बांधकामात सहज उतरला होता.

नहरीच्या बांधकामाची ही वर्षे अंबरसाठी सुखाची नव्हती. १६१६च्या प्रारंभी रोशनगावच्या लढाईत मोगलांनी त्याचा पराभव केला आणि नव्या खडकीची नासधूस केली. १६१७मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दक्षिणेत उतरला आणि झालेल्या तहात अहमदनगरचा किल्ला अंबरला परत द्यावा लागला. १६२१मध्ये मोगली फौजांनी खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. एका दशकात दोनदा राख झालेले शहर दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले. वाडे जळाले तरी जमिनीखालचे पाणी वाहतच होते, आणि जेथे पाणी आहे तेथे माणसे परत येतात. योगायोग असा, की अंबरचा मोगल प्रतिस्पर्धी अब्दुर्रहीम खानखानान हाही याच सुमारास, १६१५च्या आसपास, बुऱ्हाणपुरात अशाच तऱ्हेची भूमिगत नहर बांधवून घेत होता. कुंडी भंडारा या नावाने ती आजही प्रसिद्ध आहे. दोन शत्रू रणांगणावर एकमेकांना अडवत होते, पण आपापल्या शहरांसाठी एकच विद्या वापरत होते.

उत्तर हिंदुस्थानात त्याच वर्षांत प्लेगने थैमान घातले होते. १६१६पासून पंजाबात आणि पुढे आग्र्यात पसरलेल्या या साथीच्या नोंदी खुद्द जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात केल्या आहेत. प्लेग पाण्यातून पसरत नाही, आणि नहरीने तो थांबला असता असेही नाही. पण साथ आली की बादशहाच्या राजधानीतही माणसे घरे सोडून पळत, एवढाच उपाय उरे. त्या काळी राज्यकर्त्याच्या हाती लोकांच्या आरोग्यासाठी ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांत पाणी आणि धान्य या दोन सर्वांत मोठ्या होत्या. अंबरने दोन्हींकडे लक्ष दिले.

धान्याचा प्रश्न त्याने महसुलाच्या बाजूने हाताळला. त्याच्या आधी मुलखाची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार बोली लावून गाव घेई आणि रयतेला पिळून ती रक्कम दामदुपटीने काढून घेई. अंबरने ही मक्तेदारी मोडीत काढली, जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करवली, आणि पिकाच्या मानाने सारा ठरवला. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनी हक्कांना मान्यता देऊन वसुलीत त्यांना जबाबदार धरले. हा कारभार चालवणारे बहुतेक लोक मराठी मुलखातील ब्राह्मण कारकून होते. सततच्या लढायांनी पोळलेल्या मुलखात शेतकरी गाव सोडून जाणार नाही, इतपत धान्य त्याच्या घरात उरेल, हे पाहणे त्याच्या राजकारणाची गरज होती. हेतू फौजेच्या खर्चाचा होता, दयेचा नव्हे, असे म्हणता येईल. पण घरात दाणा उरलेला माणूस तापातून उठण्याचा संभव अधिक असतो, आणि त्याला हेतूशी काही देणेघेणे नसते. शिवकाळात आणि पुढेही मलिक अंबरचा धारा हा जमीनमहसुलाचा आदर्श म्हणून सांगितला जाई.

जहांगीराने त्याचा मनापासून द्वेष केला. अंबरचे छाटलेले शीर भाल्यावर ठेवून बादशहा त्यावर बाण सोडत आहे, असे चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शीर त्याच्या हाती कधीच लागले नाही. १६२४मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन अंबरवर चालून आल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेल्या या सेनानीने तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलात रुतवली आणि दोन्ही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले. शहराला पाणी देणाऱ्या माणसाने मोगलांना पाणी पाजले, ते अक्षरशः असे.

मे १६२६मध्ये अंबर वारला. वय ७८च्या आसपास होते. खुलताबादेत, सूफी संतांच्या सहवासात, त्याची कबर आहे. ज्या मोगल दरबाराने आयुष्यभर त्याला हिणवले, त्याच दरबाराच्या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणाने प्रशंसा लिहून ठेवली. त्याच्यानंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीला फत्तेनगर नाव दिले. पण बापाची कुवत त्याच्यात नव्हती. १६३०मध्ये पाऊस पडला नाही आणि दख्खन-गुजरातेत भीषण दुष्काळ पडला, त्यात सैन्यांची ये-जा चालूच होती. १६३३मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६मध्ये निजामशाही संपली. १६५३मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार झाला तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलत गेली, पाण्याची गरज मात्र तीच राहिली.

पुढच्या काळात अंबरच्या नहरीचे अनुकरण होत राहिले. थत्ते नहर, पळशीची नहर, पाणचक्कीची नहर अशा अनेक नहरी बांधल्या गेल्या आणि वेशीच्या आत-बाहेर पुरे वसत गेले. पाणचक्कीची नहर तर समाजाने पाणी कसे सांभाळावे याचा नमुनाच म्हणावी लागेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी ती जोडलेली होती. तिच्या पडत्या पाण्यावर जाते फिरे आणि त्या पिठाच्या भाकरी फकिरांना आणि वाटसरूंना मिळत. पाणी, अन्न आणि आसरा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात, कोणाचे नाव-गाव न विचारता मिळण्याची ती सोय होती. ज्या नहरीला असा सांभाळणारा समाज मिळाला, ती अधिक काळ टिकली.

मात्र पाणी आले म्हणून ते सर्वांना मिळाले, असा अर्थ कोणी काढू नये. याची साक्ष अंबरच्या राजधानीतच, दौलताबादेत, मिळते. १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले असताना दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी दरवाज्याजवळच्या हौदातील पाण्याने हातपाय-तोंड धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून तेथील लोक धावून आले. अखेर पाण्याला कोठेही हात लावू नये, या अटीवर आणि हत्यारी शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. हौद भरलेला असणे आणि त्या हौदावर माणसाचा हक्क असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली अभियंत्याच्या हातची, दुसरी समाजाच्या. आणि आरोग्य दोन्ही मिळाल्याशिवाय मिळत नाही. जो पाण्यापासून तोडला गेला, तो जातीने तोडला गेला की पैशाने, याने हगवणीला काही फरक पडत नाही.

विसाव्या शतकात शहराने नहरींकडे पाठ फिरवली. १९७६मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले, नाथसागराचे पाणी पंपाने चढवून शहरात आले, कारखाने वाढले, वस्ती कितीतरी पटींनी फुगली. एवढ्या लोकसंख्येला नहर पुरी पडणे शक्यच नव्हते. तसा दावा करणे हे इतिहासप्रेम झाले, हिशेब नव्हे. पण जे हाती होते ते सांभाळायला काय हरकत होती? नहरींच्या मार्गावर घरे उभी राहिली, उसाशांची तोंडे बुजवली गेली, आजूबाजूला विंधन विहिरी खोदल्या गेल्या, कोठे कोठे सांडपाणी त्यांत मुरू लागले. पाणी आणि मैला यांना चार शतके दूर ठेवणारी भिंत आपण आपल्या हातांनी फोडली. खाम नदीचीही तीच गत झाली.

धरण आहे, पण शहराच्या गरजेइतके पाणी आणणारी यंत्रणा नाही, हे दुखणे मग वर्षानुवर्षे चालले. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झाले आणि पुढे तिचा खर्चही वाढत गेला. अंबरच्या पंधरा महिन्यांशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती न्याय्य नाही. त्याच्यापुढे लाखोंचे शहर नव्हते. तुलना करायचीच तर प्राधान्याची करावी. शहर वसवतानाच पाण्याचा विचार करणे आणि शहर वसून गेल्यावर पाणी शोधत फिरणे, यातील तो फरक आहे.

पाणी दिवसांआड येते तेव्हा ते साठवावे लागते. आणि साठवलेले पाणी स्वतःचे आजार घेऊन येते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणीत नव्हे, तर घरातल्या पिंपातील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर जेवढे लांबेल, तेवढी डासाची सोय होते. नळ रिकामा असताना त्याला कोठे गळती असेल तर बाहेरची घाण आत शोषली जाते, आणि पुढच्या पाळीला तीच सर्वांच्या हंड्यात उतरते. कावीळ, विषमज्वर, हगवण हे असे घरात शिरतात. पाणी भरण्यासाठी शाळा बुडवणारी मुलगी, रोज बुडवणारी मोलकरीण, जिने चढून हंडे नेताना पाठ धरलेली गृहिणी, यांची नोंद कोणत्याच दवाखान्याच्या वहीत पाणीटंचाई या नावाखाली होत नाही. ती होते कंबरदुखी म्हणून, अशक्तपणा म्हणून.

यावर सारे काही सरकारनेच करावे, असे नाही. अलीकडच्या वर्षांत खाम नदीच्या काठी पालिका, संस्था आणि नागरिक यांनी मिळून सफाईचे आणि वृक्षलागवडीचे जे काम केले, त्याने नदीचे काही भाग पुन्हा पाहण्यासारखे झाले. गल्लीतील पिंपे झाकलेली ठेवणे, आठवड्यातून एकदा ती कोरडी करणे, गळक्या नळाची तक्रार एकट्याने न करता गल्लीने मिळून करणे, नहरीच्या उरलेल्या मनोऱ्यांवर आणि उसाशांवर बांधकाम होऊ न देणे, ही कामे मोहल्ल्याच्या हातची आहेत. नहरीतही अखेर गाळ काढायला माणूसच उतरत होता. बांधणारा एक होता, पण ती वाहती ठेवणाऱ्यांच्या पिढ्या होत्या.

स्वतःच्या नावावर ज्याला स्वतःचा देहही नव्हता, अशा माणसाने एका परक्या मुलखात येऊन तेथील लोकांच्या घोटभर पाण्याची चिंता केली. ती राजकारणासाठी केली असेल, फौजेसाठी केली असेल. पण त्या पाण्यावर ज्यांची मुले वाढली त्यांच्यासाठी ते पाणीच होते. खुलताबादेतील त्याच्या कबरीवर फारसे कोणी जात नाही. उस्मानपुऱ्यात आज पाण्याची पाळी असेल, तर लोक नळाला कान लावून बसले असतील. नळातून आधी हवेचा सुस्कारा येतो, मग पाणी येते. अंबरच्या मनोऱ्यांतूनही ती हवा अशीच बाहेर पडत असे.